शॉर्टकट : एक शब्द, दोन बिघाड

प्रश्न : अँड्रॉइड अ‍ॅपचं मराठीकरण करताना 'शॉर्टकट'ला 'आडवाट' म्हणावं का? आणि 'मेन्यूतला शॉर्टकट चालत नाही' एवढीच तक्रार आली, तर तपासायचं काय?

प्रतिसाद १ : 'आडवाट' नको. आडवाट म्हणजे रहदारीपासून बाजूला पडलेली वाट. ती जवळची असेलच असं नाही. 'आडमार्गाला लागणे' तर सरळ वाईट अर्थाचं. 'शॉर्टकट' रुळलाय, तोच राहू द्या. मात्र या एका शब्दात दोन गोष्टी कोंबल्या जातात. बाहेरचा कीबोर्ड जोडून कंट्रोल-एस दाबलं की मेन्यूतलं 'जतन करा' चालतं, ती एक. तिला 'कळजोडी' म्हणावं. कळफलकातली कळ आपल्याकडे आहेच. दुसरी म्हणजे आयकॉन दाबून धरल्यावर उघडणारी यादी, जी अँड्रॉइड ७.१ पासून आली. 'शॉर्टकट' तिच्यासाठी राखावा. तक्रारीत हा फरक लिहिला की निम्मा शोध तिथेच संपतो.

प्रतिसाद २ : कळजोडी बंद पडली तर आधी भाषांतराची फाइल उघडा. 'एस' हे अक्षर स्ट्रिंग म्हणून, म्हणजे भाषांतराला जाणारा मजकूर म्हणून, ठेवलं असेल, तर भाषांतरकार इमानदारीने त्याचा 'ज' करतो. इंग्रजी मांडणीच्या कीबोर्डवरून 'ज' येतच नाही, मग कळ जुळणार कशी? हे अक्षर भाषांतरातून वगळा. शिवाय कंट्रोलसोबत शिफ्ट मागायची सोय अँड्रॉइड ८.० पासूनची. त्याआधीच्या आवृत्त्या शिफ्टकडे दुर्लक्ष करतात आणि मेन्यूतल्या दोन आयटमना एकच जोडी येते.

प्रतिसाद ३ : आयकॉनवरच्या शॉर्टकटचं थोडं सविस्तर सांगते. यादीच दिसत नसेल, तर मॅनिफेस्टमधला (अ‍ॅपची माहिती देणाऱ्या फाइलमधला) मेटा-डेटा, म्हणजे शॉर्टकटच्या यादीकडे बोट दाखवणारी नोंद, लाँचर अ‍ॅक्टिव्हिटीतच (आयकॉन दाबल्यावर उघडणाऱ्या पडद्याच्या भागातच) आहे ना, ते बघा. एखादाच शॉर्टकट गायब असेल, तर बहुधा नियम उलटा झालेला असतो. शॉर्टकटचा आयडी एक्सएमएलमध्ये, म्हणजे शॉर्टकटच्या यादीच्या फाइलमध्ये, थेटच लिहावा लागतो, स्ट्रिंग रिसोर्स (वेगळ्या ठेवलेल्या मजकुराचा संदर्भ) चालत नाही. लेबल (दिसणारं नाव) मात्र स्ट्रिंग रिसोर्सच हवं, थेट मजकूर चालत नाही. चुकलं की तो शॉर्टकट वगळला जातो आणि कारण लॉगकॅटमध्ये (अँड्रॉइडच्या नोंदवहीत) उमटतं. इंटेंटला (काय उघडायचं ते सांगणाऱ्या आदेशाला) अ‍ॅक्शन, म्हणजे कृतीचं नाव, नसेल तरीही अडतं.

यादी दिसते, पण दाबल्यावर 'अ‍ॅप इन्स्टॉल केलेलं नाही' येतं? मग टार्गेट पॅकेज, म्हणजे शॉर्टकट ज्या अ‍ॅपला हाक मारतो त्याचं नाव, बघा. डीबग बिल्डमध्ये (चाचणीसाठीच्या आवृत्तीत) अ‍ॅप्लिकेशन आयडीला, म्हणजे अ‍ॅपच्या ओळखनावाला, '.डीबग' शेपूट जोडलं असेल, तर एक्सएमएलमधलं जुनं नाव जुळत नाही. डीबगच्या रिसोर्स फोल्डरमध्ये वेगळी फाइल ठेवा. क्लासच्या (उघडायच्या पडद्याच्या कोडच्या) नावाला शेपूट लावू नका, ते बदलत नाही.

प्रतिसाद १ : आणि लेबल? छोट्याला १० आणि मोठ्याला २५ चिन्हांची शिफारस आहे.

प्रतिसाद ३ : मोठं 'नवीन खर्चाची नोंद करा', छोटं 'खर्च नोंदवा'. दुसऱ्यात डोळ्यांना पाच अक्षरं दिसतात, पण हलन्त, मात्रा, अनुस्वार आणि मधली जागा धरून युनिकोडची ११ चिन्हं होतात. मर्यादा शिफारशीची आहे, तेव्हा आकडा मोजण्यापेक्षा फॉन्ट मोठा करून लेबल कापलं जातंय का ते बघा.