गावठी कोंबड्यांत कडकनाथ आणि गिरिराज सोडले तर चालतील का?

परसदार_०७
खुराडं ६ बाय ८ फुटांचं, दिवसभर पक्षी मोकळे. सध्या ८ गावठी कोंबड्या आणि १ कोंबडा. आता तीन महिन्यांच्या ४ कडकनाथ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या), १ कडकनाथ कोंबडा आणि ३ गिरिराज आणायचा विचार आहे. असील (झुंजीच्या जातीचा) नरही मिळतोय. कडकनाथची शुद्ध पिल्लं काढायची आहेत.

खुराडेकर
असील नको. तो दुसऱ्या नराला जिवंत ठेवणार नाही. बाकी १७ पक्ष्यांना जागा पुरेल, पण रात्रीपुरतीच.

नवे पक्षी आणल्या आणल्या मिसळू नका. तीन-चार आठवडे लांब ठेवा, भांडी वेगळी, आणि दाणापाणी आधी जुन्यांना, मग नव्यांना. सर्दी किंवा रक्ती हगवण अंगात असली तरी पक्षी वरून ठणठणीत दिसतो. मानमोडीची (राणीखेत रोगाची) आर२बी लस आठव्या आठवड्यात दिली होती का, विकणाऱ्याला विचारा. त्यानंतर आठवडाभर मधे जाळी, आणि मग रात्री अंधारात दांड्यावर नेऊन बसवा. सकाळी मारामारी होणारच, ती चालू द्या. मात्र रक्त दिसलं की तो पक्षी लगेच बाजूला काढून जखमेला जेन्शन व्हायोलेट हे जांभळं औषध लावा; लाल दिसलं की सगळ्याच टोचायला धावतात. दाण्याची भांडी दोन, एकमेकांपासून लांब. एकच ठेवलं तर दांडगी गावठी तिथून हलत नाही.

दाणापाणी
खाद्याचं कोणी बोललं नाही. लेयर खाद्यात (अंड्यावरच्या कोंबड्यांच्या) कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, ते तलंगांची मूत्रपिंडं खराब करतं. नव्या तलंगा अंड्यावर येईपर्यंत सगळ्यांना ग्रोअर (वाढीच्या पक्ष्यांचं खाद्य) द्या, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात. अंड्यावरच्या कोंबड्या लागेल तेवढा खातात. गिरिराज खादाड आणि जड असतात; उंचावरून उड्या मारून तळपायाला गाठी येतात. त्यांच्यासाठी दांडा दीड फुटावर बांधा.

परसदार_०७
आणि शुद्ध पिल्लांचं?

काळीपिसं
कळपात दोन जातींचे नर असतील तर शुद्धतेची खात्री नाही. कातडी काळी म्हणून पिल्लू शुद्ध, असंही नाही; संकरातही काळा रंग उतरतो. कडकनाथ तलंगा आणि त्यांचा नर वेगळ्या कप्प्यात ठेवा. आधीच्या नराचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं, म्हणून पहिल्या तीन आठवड्यांची अंडी खा, उबवू नका. (अंडं फिकट तपकिरीच असतं. काळं अंडं म्हणून कोणी काही विकत असेल तर पुढे चला.)

कडकनाथ सहसा खुडूक (अंडी उबवायला) बसत नाही. तिथे तुमची गावठीच कामाची: खुडूक झाली की तिच्याखाली १०-१२ अंडी, २१ दिवस. अंड्यांवर पेन्सिलने खूण करा, कारण दुसऱ्या कोंबड्या त्याच टोपलीत घालून जातात. खूण नसलेलं अंडं रोज संध्याकाळी काढून घ्या.

खुराडेकर
गिरिराजमध्ये नर निघाला तर तोही वेगळा करा. त्याच्या वजनाने आणि नखांनी लहान गावठी कोंबडीची पाठ सोलून निघते.