शब्दचर्चा : बांधणे, आवळणे, गुंडाळणे – रानातल्या प्रथमोपचारात कोणतं क्रियापद?
(प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं गाव दिलं आहे.)

किनवट
किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यातले वनमजूर, गुराखी आणि आश्रमशाळांचे शिक्षक यांच्यासाठी प्रथमोपचाराची मराठी पुस्तिका तयार होत आहे. शिकणाऱ्यांत डॉक्टर-नर्स कुणी नाही. दवाखाना दोन तासांवर, ओढ्याला पाणी आलं तर त्याहून लांब. तेवढा वेळ जखमी माणूस सांभाळायचा, आणखी बिघडू द्यायचा नाही आणि नीट पोचवायचा, एवढंच शिकवायचं आहे.

मसुद्यात ‘बांधावे’ हे क्रियापद चार ठिकाणी आलं आहे : रक्त वाहत असेल तर, हाड मोडलं तर, पाय मुरगळला तर आणि साप चावला तर. चारही ठिकाणी हातानं करायची गोष्ट निराळी, म्हणून एकच शब्द ठेवणं धोक्याचं वाटतं. शिवाय ‘स्प्लिंट’साठी, म्हणजे मोडलेलं हाड हलू नये म्हणून लावायच्या आधारासाठी, ‘कुशा’ लिहिलं आहे. जाणकारांनी सुचवावं.

अंबाजोगाई
शंका रास्त आहे. आपल्याकडं ‘बांध’ म्हटलं की माणूस आवळूनच बांधतो. मोळी, भारा, बैल, सगळ्याला हाताला तीच सवय. ‘बांधणे’ पूर्ण काढा आणि प्रत्येक ठिकाणी हात नेमकं काय करणार ते लिहा.

रक्त वाहत असेल तर क्रियापद ‘दाबा’. ‘पट्टी बांधा’ लिहिलं की माणूस पट्टी शोधायला पळतो आणि तोवर रक्त जात राहतं. स्वच्छ फडकं, उपरणं, ओढणी, जे हाताशी असेल ते घडी करून थेट जखमेवर ठेवायचं, तळहाताचा खालचा भाग त्यावर रोवायचा, कोपर ताठ ठेवायचं आणि अंगाचा भार द्यायचा. दहा मिनिटं हात उचलायचा नाही. थांबलं का म्हणून दर मिनिटाला फडकं उचलून बघणं ही नेहमीची चूक. धरू लागलेली गुठळी त्यानं सुटते. फडकं भिजलंच तर दाब नेमका वाहणाऱ्या जागेवर आहे का ते आधी बघा. बहुतेक वेळा तो बाजूला सरकलेला असतो. खोल जखमेत, म्हणजे कोयता नडगीला किंवा मांडीला खोल लागला असेल तर, फडकं आत ठासून भरायचं आणि मग दाबायचं. त्यासाठी शब्द ‘ठासा’.

‘आवळा’ पुस्तिकेत एकाच ठिकाणी यावा : हाताची किंवा पायाची जखम, रक्ताची धार, आणि दाबूनही ती थांबत नाही. तिथं जखमेच्या वर, म्हणजे अंगाच्या बाजूला, चार बोटं जागा सोडून आवळायचं. गुडघ्यावर, कोपरावर नाही. पट्टा निदान दोन-अडीच बोटं रुंद हवा. सुतळी, तार, बुटाची नाडी यांनी कातडी कापते आणि आतली रक्तवाहिनी मात्र बंद होत नाही. गाठ मारून त्यात काडी घालायची, धार थांबेपर्यंत पिळायची, काडी अडकवून टाकायची. फार दुखतं, जखमी ओरडतो, आणि तिथंच शिकणाऱ्याचा हात सैल पडतो. अर्धवट आवळलेलं तर जास्त वाईट : परतीचं रक्त अडतं, धमनीतलं चालू राहतं, आणि जखम आणखी वाहते. किती वाजता आवळलं ते कपाळावर किंवा हातावर पेनानं लिहायचं. वाटेत सैल करायचं नाही.

सर्पदंशाला ‘आवळू नका’ हे शब्द ठळक छापा. तिथं करायचं ते ‘हलू देऊ नका’.

धारूर
‘कुशा’ आयुर्वेदाच्या वर्गात चालेल, गुराख्याला नाही. इकडं बालाघाटच्या डोंगरात ‘कामट्या लावणे’ म्हणतात, तेच घ्या. कामटी म्हणजे बांबूची चीप. ती नसेल तर तुराट्या, म्हणजे तुरीची वाळलेली खोडं, सगळीकडं मिळतात, पण एकेरी तुराटी मोडते. सहा-आठ तुराट्यांची जुडी करून फडक्यात गुंडाळली तर नडगीला पुरते. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं खोड, वाकडी आणि फाटेफुटीची, ती टोचते.

कामट्या कुठून कुठपर्यंत, हे शब्दात यायलाच हवं : मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे धरून. नडगी मोडली तर मांडीच्या मध्यापासून टाचेच्या खाली. मनगटाजवळ मोडलं तर कोपरापासून तळव्यापर्यंत. आत मऊ घडी, घोट्याच्या आणि गुडघ्याच्या हाडाशी जास्त. गाठी कामटीवर याव्यात, अंगावर नकोत, मोडल्या जागेवर तर मुळीच नकोत.

इथं क्रियापद ‘गुंडाळा’ आणि लगेच पुढं कसोटी : गुंडाळल्यावर खालून एक बोट सरकलं पाहिजे. मग नख दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी झालं नाही तर सैल करा. दर पंधरा मिनिटांनी पुन्हा, कारण सूज चढते आणि सकाळी सैल असलेलं दुपारी आवळतं. बोटं हलतात का, मुंग्या येतात का, हे गुंडाळण्याआधीही विचारून ठेवा. नाहीतर नंतर बधिरपणा दिसला तर तो मोडण्यामुळं की गुंडाळण्यामुळं, ते कळत नाही.

‘स्ट्रेचर’ला ‘बाज’ लिहा. घरोघरी असते, चौघं उचलतात.

तुळजापूर
विचारलं नाही तरी सांगतो, शिकणाऱ्याला काय म्हणायचं तेही ठरवा. ‘प्रथम प्रतिसादक’ कुणाच्या तोंडी बसणार नाही. इथून जवळ अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्या प्रशिक्षित बायांना ‘भारतवैद्य’ म्हटलं, गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेनं ‘आरोग्यदूत’. तुमच्या लोकांना ‘प्रथमोपचारक’ पुरे. ‘वैद्य’ नको, लोक लगेच गोळी-इंजेक्शन मागतात.

किनवट
‘प्रथमोपचारक’च ठेवू. सापाबद्दल आणखी एक. गुराखी ‘साप चावला’ म्हणतच नाहीत, ‘पान लागलं’ म्हणतात. तोच शब्द घ्यावा का?

केज
ऐकताना घ्या, सांगताना नको. रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही म्हणून ‘पान लागलं’, ‘जनावर डसलं’ असं बोलतात. प्रथमोपचारकाला दोन्ही कळलं पाहिजे. पण १०८ ला फोन करताना ‘साप चावला, अमुक वाजता, अमुक ठिकाणी’ असंच बोलायला शिकवा. पलीकडं फोन घेणारा कोणत्या भागातला असेल सांगता येत नाही.

दुसरं, ‘डसला’ म्हटलं की खूण आणि सूज शोधायची सवय असते. मण्यारीच्या दंशाला बहुधा ना सूज ना फारसं दुखणं. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून उठतो आणि घरचे अपचन समजतात. म्हणून ‘खूण दिसली नाही तरी’ हे चार शब्द वाक्यात हवेत.

हिंगोली
त्याला जोडून ‘झापड’. मण्यार किंवा नागाच्या विषात पापण्या पडतात. पुस्तिकेत ‘डोळ्यांवर झापड येते’ लिहिलं तर वाचणारा समजतो, झोप आलीय, झोपू द्या. ‘पापणी वर उचलत नाही’ असं लिहा आणि करून बघायला सांगा : डोकं न हलवता वर धरलेल्या बोटाकडं बघायला लावा. पापणी अर्ध्यावर राहिली, बोलणं जड झालं, थुंकी गिळता येईना, तर पुढं श्वास बंद पडू शकतो. अशाला कुशीवर वळवूनच न्यायचं.

‘बेशुद्ध’ हाही फार ढोबळ शब्द. चार पायऱ्या करा : जागा आहे, हाकेला ओ देतो, चिमट्याला हलतो, कशालाच नाही. दर दहा मिनिटांनी पायरी आणि वेळ कागदावर. एक पायरी उतरला हे डॉक्टरला ‘मधी बेशुद्ध झाला होता’ यापेक्षा कितीतरी जास्त सांगून जातं.

आणि मराठवाड्यात ‘ऊन लागणे’ सोडून चालणारच नाही. या एका शब्दात दोन दुखणी आहेत. घाम, चक्कर, मळमळ, पण माणूस नीट बोलतोय : सावली, पाणी, ओआरएस, आराम. तोच माणूस बरळायला लागला, चालताना झोकांड्या खाऊ लागला किंवा त्याला आकडी आली, तर तो उष्माघात, ताप ४० अंश सेल्सिअसच्या वर, आणि जीव धोक्यात. त्याला कांदा हुंगवत, पन्हं पाजत बसू नये. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात काहीच घालायचं नाही. कपडे काढा, सगळ्या अंगावर पाणी ओता, वारा घाला, गाडी येईपर्यंत हे चालूच ठेवा. पुष्कळ ठिकाणी ‘कातडी कोरडी पडते’ ही खूण सांगतात. कामावर पडलेल्याला घाम असू शकतो, म्हणून खूण ‘बरळणं’ हीच धरा.

किनवट
फार उपयोग झाला. सर्पदंशाचं वाक्य असं केलं आहे, तपासावं :

“साप चावल्यावर, खूण दिसली नाही तरी, माणसाला आडवं करा, चालू देऊ नका. अंगठी, बांगड्या, जोडवी, करदोडा, काळा दोरा काढा. चावलेल्या हातापायाला कामट्या लावून सैल गुंडाळा. आवळू नका, कापू नका, चोखू नका. वेळ लिहा. लगेच दवाखान्यात न्या.”

अंबाजोगाई
चांगलं झालं आहे. ‘सैल’च्या पुढं ‘एक बोट सरकेल इतकं’ घाला. घोणस आणि फुरशाच्या दंशाला सूज झपाट्यानं चढते, तिथं जरा घट्ट झालं तरी मांस कुजायची भीती. ‘लगेच दवाखान्यात’ऐवजी ‘सर्पदंशाची लस असलेल्या दवाखान्यात’ लिहा आणि तुमच्या भागातल्या अशा दवाखान्यांची नावं, फोन नंबर मागच्या पानावर छापा. नाहीतर पहिला तास भलत्याच दारात जातो.

वाक्य छापण्याआधी एक करा. पुस्तिका न बघितलेल्या पाच-सहा जणांना ते नुसतं वाचून दाखवा, प्रात्यक्षिक न देता, आणि त्यांचे हात काय करतात ते बघा. दोघांनी जरी आवळलं तर दोष वाक्याचा, त्यांचा नाही.

केज
एक जागा राहिली. प्रथमोपचारक पोचायच्या आधीच घरच्यांनी दोरी आवळलेली असते, आणि ‘आवळू नका’ वाचलेला माणूस ती तिथंच कापून टाकतो. तसं केलं तर अडलेलं विष एकदम अंगात जाऊन रक्तदाब कोसळू शकतो, श्वास थांबू शकतो. तेव्हा आणखी एक ओळ हवी : “कुणी आधीच आवळलं असेल तर वाटेत सोडू नका, लवकर न्या, डॉक्टरांसमोर सोडतील.” आणि दवाखान्याच्या दारात पहिलं हेच सांगायचं की दोरी आवळलेली आहे, आणि किती वाजल्यापासून.