बी विंग रहिवासी ग्रुप : लॅपटॉपची स्क्रीन काळी

देशपांडे वहिनी (404): नमस्कार, इथे टाकतेय म्हणून सॉरी. चिन्मयने लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स (विंडोजच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून त्यात उबुंटू (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टम) चढवलं. फुल स्क्रीन केलं आणि सगळं काळं. उद्या 9 ला प्रॅक्टिकल आहे. कुणी बघेल का?

जोशी काका (101): फॉरमॅट मारा. मोकळे व्हा.

निखिल (302): काका थांबा हो. वहिनी, पॉवर बटण दाबून धरू नका. मोबाईलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारा. अंधुक चित्र दिसलं तर बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा दिवा, गेला, मग हार्डवेअरचं काम.

देशपांडे वहिनी (404): काही दिसत नाही.

निखिल (302): आता कंट्रोल + ऑल्ट + डिलीट.

देशपांडे वहिनी (404): आलं! लॉक, साइन आउट, टास्क मॅनेजर दिसतंय. कॅन्सल केलं की परत काळं.

निखिल (302): मग पॅनेल ठीक आहे, विंडोजही ठीक आहे. तुम्ही बघताय तो उबुंटूचा काळा पडदा, पूर्ण स्क्रीनभर पसरलेला. उजवा कंट्रोल + एफ दाबा, बाहेर येईल.

जोशी काका (101): फॉरमॅट म्हणतोय मी मघापासून.

देशपांडे वहिनी (404): उजवीकडे कंट्रोलच नाही या लॅपटॉपला 😭

मनाली (501): बऱ्याच छोट्या लॅपटॉपना नसतो. माउस खाली मधोमध न्या, एक बारीक पट्टी वर येते का? नाही आली तर माउस उबुंटूच्या आत अडकलाय. टास्क मॅनेजरमधून एन्ड टास्क, म्हणजे जबरदस्तीने बंद, होईल, पण ते उबुंटूची वायर उपटण्यासारखं. आधी बाहेरचा कीबोर्ड लावून बघा.

निखिल (302): सोसायटी ऑफिसात यूएसबी कीबोर्ड आहे की.

पाटील, सेक्रेटरी: ऑफिसचं सामान बाहेर जाणार नाही. गणपतीत नेलेला माउस अजून आलेला नाही.

सावंत (203): टोमणा कळला. माउस आधीपासूनच बंद होता. आणि नेला तेव्हा तुम्हीच हो म्हणालात.

पाटील, सेक्रेटरी: मी कुणाचं नाव घेतलं का?

जोशी काका (101): लिफ्टचंही असंच झालं होतं.

मनाली (501): काका, लिफ्ट उद्या 🙏 वहिनी, कीबोर्ड मी पाठवते.

देशपांडे वहिनी (404): विंडोज दिसलं!!! कंट्रोल + एफनेच. मनाली 🙏🙏

निखिल (302): आता मूळ दुखणं. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे तो आतला उबुंटू, आधी पॉवर ऑफ करा. 'सेव्ह्ड' राहिलं तर सेटिंग करडी दिसते, बदलता येत नाही. मग सेटिंग्ज, डिस्प्ले. व्हिडिओ मेमरी 16 एमबी असेल तर 128 करा. ग्राफिक्स कंट्रोलरच्या यादीत व्हीएमएसव्हीजीए निवडा. थ्रीडी अ‍ॅक्सलरेशनची टिक काढा. काळ्या पडद्यामागे बहुतेक वेळा हीच टिक असते.

देशपांडे वहिनी (404): टिक होती! उबुंटू आलं, पण इटुकल्या खिडकीत.

मनाली (501): त्याला गेस्ट अ‍ॅडिशन्स लागतात, म्हणजे उबुंटूला खिडकीच्या मापाशी जुळवणारं व्हर्च्युअलबॉक्सचं जोड-सॉफ्टवेअर. आधी उबुंटूत बिल्ड-इसेन्शियल आणि डीकेएमएस ही दोन पॅकेजेस टाका, नाहीतर मधेच अडतं. मग डिव्हायसेस मेनूत गेस्ट अ‍ॅडिशन्स सीडी. ती चालवा, उबुंटू रीस्टार्ट. व्ह्यू मेनूत ऑटो-रीसाइझ चालू. अक्षरं बारीकच वाटली तर स्केल फॅक्टर वाढवा.

निखिल (302): आणि फाइल, प्रेफरन्सेस, इनपुटमध्ये होस्ट की (आत्ता उजवा कंट्रोल आहे ती) बदला. एफ-9 ठेवा, म्हणजे कीबोर्ड मागत फिरायला नको.

देशपांडे वहिनी (404): खिडकीखाली हिरवं कासव दिसतंय. व्हायरस??

सावंत (203): आपल्या लिफ्टमध्येही आहे तो.

निखिल (302): 😂 हायपर-व्ही, म्हणजे विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची यंत्रणा, खाली चालू असलं की कासव येतं. उबुंटू रेंगाळतो एवढंच, काळ्या स्क्रीनशी संबंध नाही.

कुलकर्णी (204): मग बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन व्हर्च्युअलायझेशन बंद-चालू करून बघा ना.

मनाली (501): अजिबात नको! बायोसला हात लावला आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल, तर विंडोज 48 आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि आज रात्री पासवर्ड कुणाला आठवणार? कासव प्रॅक्टिकलनंतर बघू.

देशपांडे वहिनी (404): पूर्ण स्क्रीनवर आलं. स्पष्ट. सगळ्यांचे आभार 🙏

जोशी काका (101): फॉरमॅट केलं ना? सांगत होतो.

पाटील, सेक्रेटरी: ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे. सावंत, माउस.

सावंत (203): देतो.