पुलाला कंटेनर ठोकला, की दरवेळी चालकच दोषी कसा?

मधली_लेन : किंग्ज सर्कल स्टेशनजवळच्या रेल्वे पुलाला उंच गाड्या ठोकणं मुंबईला नवीन नाही. रेल्वेने पुलाआधी लोखंडी हाइट गेज, म्हणजे उंच गाडी अडवणारी कमान, लावलं, तर गाड्या आता त्याला ठोकतात. बातमीत मात्र ठरलेलं वाक्य, 'चालकाच्या निष्काळजीपणामुळे'. अहो, उंचीची पाटी पुलाच्या तोंडाशी लावून काय उपयोग? ती दिसेपर्यंत मागे गाड्यांची रांग लागलेली असते, चाळीस फुटी ट्रेलर रिव्हर्स घेणार कुठे? पाटी शेवटच्या वळणाच्या अलीकडे हवी, जिथून अजून दुसरा रस्ता धरता येतो.

कळंबोलीकर : साफ असहमत. वीस वर्षं ट्रान्सपोर्टमध्ये आहे. दहा ड्रायव्हरांना गाडीची उंची विचारा, नऊ जण अंदाज सांगतील. साधा कंटेनरचा डबा साडेआठ फुटी उंच, हायक्यूब म्हणजे जास्त उंचीचा डबा साडेनऊ फुटी. डबा ज्यावर बसतो ती ट्रेलरची पाटली जमिनीपासून पाचेक फूट धरा, म्हणजे एक गाडी साडेतेरा तर दुसरी साडेचौदा. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. पण हायक्यूबला वरच्या कडेला काळे-पिवळे पट्टे असतात, बाजूला उंचीही लिहिलेली असते. बंदरातून निघताना मान वर करून तेवढं बघायला काय जातं?

रात्रपाळी : कळंबोलीकरांना +१. अमेरिकेत डरहॅमला ११ फूट ८ इंची रेल्वे पूल होता. पाट्या झाल्या, लुकलुकणारे दिवे झाले, २०१६ मध्ये उंच गाडी आली की सिग्नल लाल करणारा सेन्सरही बसवला. तरी गाड्यांचे टप सोलून निघायचे. २०१९ मध्ये पूल ८ इंच वर उचलला, त्यानंतरही धडका झाल्याच. आता बोला, पाटी हलवून काय होणार?

मधली_लेन : तिथे अडकणाऱ्यांत भाड्याचा ट्रक घेऊन घर हलवणारे हौशी लोक बरेच. ते उदाहरण आपल्या रोजच्या ड्रायव्हरला कसं लावता? आणि पूल उचलला म्हणजे रस्त्याची बाजूच दुरुस्त केली ना!

डांबरी : दोघेही एक गोष्ट विसरताय. जुना थर न खरवडता वर नवीन डांबर ओतलं, की पुलाखालची उंची तेवढी घटते आणि पाटीवरचा आकडा जुनाच राहतो. त्यात ओझं उतरलं की स्प्रिंगचे पाटे उठतात, गाडी उंच होते. भरलेला गेलेला ट्रेलर रिकामा डबा घेऊन परत येताना त्याच पुलाला घासू शकतो. ड्रायव्हर म्हणतो, 'सकाळी तर इथूनच गेलो होतो!' खोटं बोलत नसतो बिचारा.

कळंबोलीकर : स्प्रिंगच्या पाट्यांचा मुद्दा बरोबर. म्हणूनच म्हणतो, पाटीच्या आकड्यापेक्षा गाडी निदान अर्धा फूट कमी असली तरच घालायची, नाहीतर उतरून बघायचं.

मधली_लेन : उतरणार कोण? पूर्वी किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर, खाली उतरून हात दाखवायचा. आता पगार वाचवायला बऱ्याच मालकांनी किन्नरच काढून टाकला. एकटा माणूस, रात्रीची वेळ, मोबाईलचा नकाशा कारवाल्यांसाठी बनवलेला. त्यात नो एन्ट्री चुकवायची घाई, कारण गाडी उशिरा पोचली तर मालक बोलणार.

कळंबोलीकर : मालकाला चार शिव्या द्या, मलाही द्या. बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, वजन लिहितो तशी भरलेल्या गाडीची उंचीही लिहायला लावा आणि वाटेतले पूल ऑफिसातूनच सांगा, माझी तयारी आहे. पण हाइट गेज टपाला खडखडल्यावरही जो ब्रेक मारत नाही, त्याची बाजू मी घेणार नाही.