भोपळ्यातल्या म्हातारीचा वाढदिवस: मूल बसेल एवढा भोपळा कसा करायचा? (नागपूर, डिसेंबर)

मानेवाडा_७
लेक येत्या डिसेंबरात पाच वर्षांची होते आहे. सध्या घरात म्हातारी, वाघ, कोल्हा आणि टुणूक टुणूक याशिवाय दुसरा विषय नाही, म्हणून वाढदिवसही त्याच गोष्टीचा करायचं ठरलंय. चार ते सहा वर्षांची 16 मुलं येतील, शिवाय तीन-चार अगदी लहान भावंडं. जागा घराची गच्ची, रविवार संध्याकाळ. हातात 12 दिवस आहेत.

36 इंची फुग्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवून मोठा भोपळा करायचा विचार आहे, मुलांना आत बसून फोटो काढता येईल असा. जमेल का? मुखवटे विकत घ्यावे की घरी करावे? खायला काय ठेवावं? आणि 16 मुलांना पुस्तक वाचून दाखवायचं तरी कसं?

पुठ्ठा_कात्री
फुग्याचा भोपळा टेबलावर ठेवण्यापुरता करा, आत बसण्यासाठी नको. एक तर 36 इंचीला निदान पाच थर लागतात आणि प्रत्येक थर सुकायला एक दिवस. तेवढ्या दिवसांत फुग्यातली हवा हळूहळू कमी होते आणि ओलं कवच आत बसतं. लवकर सुकावं म्हणून उन्हात ठेवलं तर आतली हवा फुगते, फुगा तरी फुटतो किंवा कवचाला भेगा तरी जातात. समजा, हे सगळं निभावलं. दार कापलं की पहिलंच मूल काठावर पाय देऊन आत शिरणार, आणि काठ फाटणार.

त्याऐवजी बुरडाकडून कोंबड्या झाकायचं डालगं आणा. तीन फूट व्यासाचं, दोन-अडीच फूट उंच. उपडं ठेवलं की अर्धा भोपळा आयताच तयार. वेताला किंवा बांबूला हवा खेळती असते, त्यामुळे आत मूल गुदमरत नाही. चेहरा दिसेल अशी दहा इंची खिडकी बुरडालाच विणताना ठेवायला सांगा. नंतर कात्रीने कापली तर वीण उसवत जाते आणि कमच्यांची टोकं चाकूसारखी लागतात. खिडकी आणि खालचा काठ दोन्हींवर जुन्या सुती साडीच्या पट्ट्या गुंडाळाच.

वरून केशरी अस्तराचं कापड, 44 इंची पन्ह्याचं साडेतीन मीटर. सॅटिन घेऊ नका. ते घसरतं, फोटोत चकाकतं आणि आत अंधार करतं. कापड भोवती गुंडाळून वर माथ्यावर गोळा करून बांधा. मग माथ्यापासून काठापर्यंत आठ सुतळ्या ताणून बांधा आणि दोन सुतळ्यांच्या मध्ये, कापडाच्या आतून, चुरगळलेले पेपर कोंबा. भोपळ्याच्या फाका यानेच दिसतात. नुसतं केशरी कापड टाकलं तर तो टेकडीसारखा दिसतो. देठाला कापडाच्या दुकानातली पुठ्ठ्याची नळी, हिरवा क्रेप कागद गुंडाळून.

मुलाने आत रांगत जायचं नाही. दोघांनी डालगं उचलायचं, मूल खाली बसवायचं, वरून ठेवायचं. एकावेळी एकच.

टेबलावरच्या भोपळ्यासाठी 18 इंची फुगा, दीड इंची पट्ट्या, तीन थर. खळ अशी: एक वाटी मैदा थंड पाण्यात कालवून चार वाट्या उकळत्या पाण्यात ओतायचा, पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा, निवल्यावर दोन चमचे फेविकॉल. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण ते विषारी. मुलांच्या हातात जाणाऱ्या वस्तूत अजिबात नको. सुकवायला पंखा पुरे.

गोष्टीचा_तास
वरच्या उत्तराला अनुमोदन. आणखी एक: खरं कोहळं (लाल भोपळा) ठेवणार असाल तर न कापता ठेवा. अख्खं कोहळं हवेशीर जागी आठवडेच्या आठवडे टिकतं, कोरलेलं दोन-तीन दिवसांत बुरशी धरतं. शिवाय डोळे-दात कोरले की ते म्हातारीचं राहत नाही, हॅलोवीनचं होतं.

मुखवटे घरीच करा, पण तोंड झाकणारे नकोत. तीन वर्षांचं पोर पूर्ण चेहऱ्याचा वाघ पाहून घाबरून राहतं, मग आईच्या कडेवरून उतरत नाही. कपाळपट्टी करा: जाड कार्डशीटची दोन इंची पट्टी, तिच्यावर वाघाचे किंवा कोल्ह्याचे कान-डोळे. चेहरा उघडा राहिला की लहानग्यांना आपला मित्र ओळखू येतो. पट्टीला मागून इलास्टिक. स्टेपलरच्या पिनेची दुमडलेली टोकं बाहेरच्या बाजूला यावीत आणि त्यावर टेप लावावा, नाहीतर केसांत अडकतात. कापून ठेवा, रंगवायचं मुलांवर सोडा. पाहुणे एकदम येत नाहीत, पहिली वीस मिनिटं त्यातच जातात.

पुस्तक हातात धरून वाचू नका. 16 मुलांत दुसऱ्या ओळीपासून चित्र दिसत नाही, मग मागचे उठून पुढे येतात आणि सगळंच मोडतं. एकाने सांगावी, दुसऱ्याने म्हातारीची काठी, गाठोडं आणि भोपळा हलवावा. दहा मिनिटांच्या वर नको. तूप-रोटी खाऊन जाडजूड होण्याचं वाक्य आणि टुणूक टुणूक मुलांनी ओरडायचं, हे आधी दोनदा घोटून घ्या. आणि शेवट ठरवून ठेवा. कुणाच्या घरी वाघ भेटतो, कुणाच्या घरी अस्वलही, त्यामुळे ‘असं नाहीचे’ म्हणणारा एक तरी निघतोच. त्याला वाद घालू देऊ नका, अस्वलाची पट्टी त्यालाच द्या.

वेळ चारची ठेवा, पाचची नाही. डिसेंबरात नागपूरला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, लगेच गार व्हायला लागतं आणि फोटोही काळे येतात. चार-वीसला गोष्ट, साडेचारला खेळ, पाच-दहाला केक, मग खाणं.

बोंडंवाली
खाण्याचा विचार गोष्टीतच आहे, बाहेर कशाला शोधायचा! कोहळ्याची बोंडं करा. दोन वाट्या कोहळ्याचा कीस चमचाभर तुपावर मऊ करून घ्या, त्यातच एक वाटी चिरलेला गूळ विरघळवा, मग पूर्ण निववा. नंतर चिमूटभर मीठ, वेलची, दोन चमचे रवा आणि मावेल तेवढी कणीक, साधारण दोन ते अडीच वाट्या. गरम असतानाच कणीक घातली तर गुळाचं पाणी सुटत राहतं, तुम्ही कणीक वाढवत राहता आणि बोंडं दगडासारखी होतात. पीठ चमच्याने सोडता येईल इतपत सैल हवं. आच मध्यम ठेवा, कारण गूळ लवकर करपतो: वरून काळं, आत कच्चं. एवढ्यात लहान 25 एक होतात, तुम्हाला दुप्पट लागेल. सकाळी तळली तरी चालतात.

दुसरं, तूप-रोटी. मऊ पोळीला तूप-पिठीसाखर लावून गुंडाळी, तिचे इंचभर तुकडे. पाच वर्षांचं मूल केकपेक्षा हेच जास्त खातं.

तिसरं फुकटात मिळणारं. डिसेंबर म्हणजे संत्र्याचा हंगाम. सोललेलं अख्खं संत्रं हुबेहूब छोटा भोपळा दिसतं, वर काकडीच्या सालीचा तुकडा खोचला की देठ. आपल्या संत्र्याची साल सैल, अर्ध्या तासात वीस सोलून होतात. पण केकच्या आधीच सोला, तासाभरात फोडी वरून सुकतात. अगदी लहानांना फोड उघडून बी काढून द्या.

केक दीड किलो पुरे, एका किलोत बारा-पंधरा लहान तुकडे निघतात. आणि निमंत्रणातच विचारा: शेंगदाणा, दूध, अंडं, काही चालत नाही का?

मानेवाडा_७
सगळ्यांचे आभार. डालग्याचं पक्कं. एक शंका: खेळात भोपळा खरंच पळवता येईल का? खाली चाकांची पाटी लावली तर? आणि परतभेट काय द्यावी?

पुठ्ठा_कात्री
चाकं नको, ताई. गच्चीला पाणी जाण्यासाठी उतार असतो, पाटी आपोआप मोरीकडे निघते. भोपळा एका जागीच ठेवा, टुणूक मुलांनी करायचं. पोत्यात नको, टाइल्सवर पोतं घसरतं आणि हनुवटी फुटते. दोन सतरंज्या जोडून अंथरा, केशरी उशीचा अभ्रा गुडघ्यांमध्ये धरून उड्या मारू द्या. पडलं तरी हात मोकळे राहतात. चौघा-चौघांच्या चार फेऱ्या, अंतर पंधरा फूट, त्याहून लांब नको. वाटेत वाघ-कोल्हा म्हणून दोन मोठी माणसं उभी करा, त्यांच्यासमोर थांबून सगळ्यांनी तूप-रोटीचं वाक्य म्हणायचं, मगच पुढे.

बोंडंवाली
परतभेटीला कोहळ्याच्याच बिया. बोंडांसाठी कोहळं कापाल तेव्हा निघतीलच. धुवून, सावलीत आठवडाभर सुकवून, कागदी पाकिटात पाच-पाच. वर लिहा: ‘फेब्रुवारीत लावा’. आत्ताच्या थंडीत पेरल्या तर नीट उगवत नाहीत आणि मुलं रोज कुंडी उकरून पाहतात. पण बिया सुकायला हव्यात, म्हणून एक कोहळं आजच कापा. त्याची भाजी करा, बोंडांचं दुसरं नंतर आणा. कॉटन मार्केटला सकाळी लवकर गेलात तर निवडून मिळेल.

गोष्टीचा_तास
आणि सीताबर्डीकडची खरेदी असेल तर विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू व्हायच्या आत उरका. मोर्चे निघाले की तिकडचे रस्ते कधी बंद होतील सांगता येत नाही. बुरडाला ऑर्डर मात्र उद्याच द्या, खिडकीचं डालगं तयार मिळत नाही.