अधूनमधून स्कायडायव्हिंग? त्यापेक्षा सोडलेलं बरं

ढगवेडी (धागाकर्ती)

आधी थोडी पार्श्वभूमी. मी शिकागोजवळ एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मुलगी मिडल स्कूलमध्ये. माझ्याकडे स्कायडायव्हिंगचं बी लायसन्स आहे. (ए लायसन्सला किमान २५ उड्या लागतात, बी-ला ५०, सी-ला २००, डी-ला ५००.) ड्रॉपझोन (उड्या मारायची जागा) घरापासून तासाभरावर, इलिनॉयमधल्याच ऑटवा गावात.

घरात सध्या यावर खल चालू आहे. नवरा बंद कर म्हणत नाही. तो म्हणतो, "दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी जा की, कोण नको म्हणतंय?" सासूबाईंना हे पटतं, माझ्या आईला पटतं, मैत्रिणी तर म्हणतात असा नवरा मिळायला भाग्य लागतं. मला मात्र सगळ्यात वाईट पर्याय हाच वाटतो. करायचं तर नीट करावं, नाहीतर रिग (पॅराशूटचा सगळा संच) विकून टाकावी.

कारण सांगते. विमानातून बाहेर पडल्यावर विचार करायला वेळ नसतो. माझ्या लायसन्सला निर्णयाची उंची १,८०० फूट आहे. तिथपर्यंत मुख्य पॅराशूट नीट उघडलं नसेल तर ते तोडून रिझर्व्ह, म्हणजे राखीव पॅराशूट, ओढायचं. हे हातांनी करायचं असतं, डोकं नंतर पोचतं. ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंटच्या श्वासनलिकेत नळी जात नाही आणि मास्कनंही हवा जात नाही, तेव्हा पुढच्या पायऱ्या पाठ असाव्या लागतात, तसंच हे. त्या प्रसंगाची तालीम आम्ही पुन्हा पुन्हा करतो. वर्षातून चारदा थिएटरात येणाऱ्या भूलतज्ज्ञाकडून तुम्ही भूल घ्याल का?

यूएसपीए ही अमेरिकेतली स्कायडायव्हिंगची संघटनाही हेच सांगते. बी लायसन्सवाल्याची ९० दिवसांत एकही उडी झाली नसेल तर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली उजळणी करावी. इलिनॉयच्या हिवाळ्यात तसेही हे दिवस उलटून जातात. वसंतात गंज काढायचा आणि मग दोन महिन्यांतून एक उडी? म्हणजे मी कायम गंजलेलीच राहणार.

मतं हवी आहेत. विरोधी असली तरी चालतील.

खडूस_आजोबा

चालतील म्हणालात म्हणून लिहितो.

माझं आयुष्य बँकेत गेलं, आकडे वाचता येतात. तुमच्याच यूएसपीएचे २०२३ चे आकडे घेऊ. अमेरिकेत सुमारे ३६ लाख ५० हजार उड्या, १० मृत्यू. म्हणजे ३,६५,००० उड्यांमागे एक. ऐकायला फारच किरकोळ. पण तुम्हाला 'नीट' करायचंय. नीट म्हणजे वर्षाला १०० उड्या धरू. दहा वर्षांत हजार. आता धोका झाला ३६५ मध्ये एक. ऑपरेशनला आलेल्या धडधाकट माणसाला तुम्ही "३६५ मध्ये एक दगावतो, काळजी नको" असं सांगाल का हो, डॉक्टर?

दुसरं. तुमचा युक्तिवाद प्रत्येक उडीच्या धोक्यावर उभा आहे, घरच्यांना काळजी एकूण धोक्याची आहे. कमी सरावामुळे दर उडीचा धोका तिप्पट झाला असं समजा. यजमान म्हणतात तसे वर्षाला सहा रविवार, दर रविवारी दोन उड्या धरल्या, तर १२ उड्यांचे ३६ झाले. तुमच्या १०० पेक्षा ते कमीच की! यजमानांचं गणित तुमच्यापेक्षा पक्कं आहे.

ठाणेकर

आजोबा, गणित भारी. पण मी रोज घोडबंदर रोडवरून बाईकनं ऑफिसला जातो. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची. माझ्या आईनं आजवर "हेल्मेट घेतलंस का" यापलीकडे काही विचारलेलं नाही. ढगवेडीताईंनी पॅराशूट म्हटलं की घरात खल! धोका ओळखीचा असला की तो धोकाच वाटत नाही, इतकंच.

चकलीपात्रा

ठाणेकर, असहमत. तुम्ही बाईक पोटासाठी चालवता. घोडबंदरला मजा म्हणून कोण जातं? ही तुलना दर वेळी येते आणि दर वेळी चुकीची असते. एक धोका पत्करावाच लागतो म्हणून दुसरा हौसेनं घ्यायला परवानगी मिळत नाही. दोन्ही धोक्यांची बेरीज होते, वजाबाकी नाही. ताईसुद्धा त्या ड्रॉपझोनला गाडी हाकतच जात असणार.

पेठकर

सगळे मरणावरच आलात! आपल्या पुण्याच्या शीतल महाजन आठवा. २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी, २०११ मध्ये पद्मश्री, २०१८ मध्ये थायलंडला चक्क नऊवारी नेसून उडी. त्यांनाही घरसंसार आहेच. इच्छा असली की जमतं. तुम्ही बिनधास्त चालू ठेवा.

चकलीपात्रा

पेठकर, शीतलताईंचं कौतुक आहेच. पण त्यांचं ते काम आहे. इथं प्रश्न रात्रपाळी करून आलेल्या बाईनं सुट्टीच्या दिवशी काय करावं हा आहे. तेंडुलकर खेळायचा म्हणून बँकेतल्या कारकुनानं रोज सहा तास नेटमध्ये घालवावेत का? (आजोबा, हलके घ्या.)

दोरीवाला

ॲरिझोनात राहतो, डी लायसन्स, या खेळात बरीच वर्षं आहे. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सुटतेय, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आजोबांचा ३६५ हा सरासरीचा आकडा आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत वर्षाला सरासरी ४० पेक्षा जास्त लोक जायचे, तेही आजच्यापेक्षा पुष्कळ कमी उड्यांमध्ये. तेव्हा मुख्य कारण असायचं की पॅराशूट उघडलंच नाही किंवा फार उशिरा उघडलं. आता रिगमध्ये एएडी नावाचं स्वयंचलित यंत्र असतं. बेशुद्ध पडलात तरी साधारण ७५० फुटांवर ते रिझर्व्ह आपोआप उघडतं. ते रिझर्व्हही दर १८० दिवसांनी परवानाधारक रिगरकडून तपासून नव्यानं पॅक करून घ्यावं लागतं.

मग आज लोक कशानं मरतात? पुष्कळदा व्यवस्थित उघडलेल्या, उत्तम पॅराशूटखाली. कॅनॉपी (पॅराशूटचं छत) छोटी आणि वेगवान घेतली, जमिनीजवळ जोरात वळण घेतलं, किंवा समोर कुणी आलं म्हणून घाबरून खालच्या खाली वळवलं. वळताना कॅनॉपी डाइव्ह मारते आणि सावरायला उंची उरलेली नसते. सगळ्यांचा धोका सारखा नाही. त्यातला मोठा भाग आपण कुठली कॅनॉपी निवडतो आणि ती कशी उतरवतो यावर ठरतो.

म्हणून ढगवेडी, तुमच्या 'सगळं किंवा काहीच नाही' याच्याशी मी सहमत नाही. कमी वेळ असलेल्या माणसानं कॅनॉपी मोठी ठेवावी आणि दोस्तांनी कितीही चिडवलं तरी लहान करू नये. गर्दीच्या लोडमध्ये (विमानाच्या फेरीत) जाऊ नये. १३,५०० फुटांऐवजी ५,००० वरून हॉप-अँड-पॉप मारावेत, म्हणजे बाहेर पडल्या पडल्या पॅराशूट उघडायचं. ते स्वस्त पडतात आणि सराव नेमका कॅनॉपीचा होतो. मिनिटभराच्या फ्रीफॉलचे (पॅराशूट उघडण्याआधीच्या पडण्याचे) व्हिडिओ छान येतात, पण घोटे मोडतात ते शेवटच्या पाच सेकंदांत.

आणि हो, आता कुणीतरी "मग विंड टनेलला जा" म्हणणारच. खालून जोरात हवा सोडून माणसाला तरंगवणाऱ्या त्या टनेलमध्ये मीही जातो, मजा येते. पण तिथं शरीर हवेत स्थिर ठेवायला शिकतात, उतरायला नाही. जिथं खरा धोका आहे त्याचा सराव तिथं होत नाही.

नारळीपौर्णिमा

मी तेच लिहायला आले होते :) नेपरव्हिलला टनेल आहे, हैदराबादलाही आहे. मुलीला घेऊन जा, सगळ्यांनाच मजा.

जमिनीवरची

मी त्या दुसऱ्या बाजूची. नवरा उडतो, मी जमिनीवर. इथं सगळे मृत्यूचे हिशेब मांडतायत, पण आमच्या घरात त्यावरून एकदाही भांडण झालेलं नाही. भांडण होतं शनिवारवरून.

न उडणाऱ्यांना कल्पना नसते म्हणून सांगते. उडी एक मिनिटाची, कॅनॉपीखाली आणखी पाच-सहा मिनिटं. त्यासाठी माणूस सकाळी सातला घर सोडतो. नऊला ढग. दहाला वारा. वारा ताशी १४ मैलांच्या वर गेला की विद्यार्थ्यांना वर नेत नाहीत, मग बाकीचेही आकाशाकडे बघत बसतात. साडेबाराला एक लोड जातो, यांचं नाव पुढच्यात. मग पॅकिंग. मग "आता उघडेल बघ, संध्याकाळ मस्त असणार." रात्री आठला घरी, अंगावर गवत, चेहरा उजळलेला, उड्या दोन. इकडे मुलाची मॅच, वाणसामान, गणपतीच्या कार्यक्रमाची तालीम, सगळं एकटीनं.

दोन उड्यांसाठी गेला याचा राग नाही. आठ तास वाट बघण्यासाठी गेला याचा आहे. ते आठ तास घरी कुणीही मागून घेतले नव्हते.

आम्ही काढलेली वाट: आठवड्याच्या सुट्टीतला एकच दिवस, आणि तो मार्चमध्येच कॅलेंडरवर टाकायचा. अकरापर्यंत ढग हटले नाहीत तर परत यायचं, "अजून अर्धा तास" नाही. मी त्या दिवशी फोन करत नाही आणि तो परतल्यावर दमलो म्हणत नाही. याला समतोल म्हणायचं की तह, ठाऊक नाही.

ढगवेडी, तुमच्या धाग्यात हे वेळेचं काहीच आलेलं नाही. 'नीट करायचं' म्हणजे किती शनिवार, हे नवऱ्याला सांगितलंय का?

विम्यातला

थोडं रुक्ष. अमेरिकेत टर्म इन्शुरन्स घेताना स्कायडायव्हिंगचा प्रश्न सहसा असतोच. हो म्हटलं तर कंपनी दर हजार डॉलरच्या विम्यामागे ठरावीक जादा रक्कम लावू शकते किंवा त्या कारणानं झालेला मृत्यू वगळू शकते. नाही म्हणून खोटं लिहिलंत तर पहिल्या दोन वर्षांत दावा तपासून नाकारता येतो. भारतातही प्रपोजल फॉर्मवर धोकादायक छंद विचारतात. इथं विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे ही मुदत तीन वर्षांची. अपघाती मृत्यूच्या रायडरमधून (मूळ विम्याला जोडलेल्या जादा संरक्षणातून) पॅराशूटिंग बहुधा वगळलेलं असतं, ती ओळ कुणी वाचत नाही.

आणि डॉक्टर, तुमच्या बाबतीत मृत्यूपेक्षा डिसॅबिलिटी पॉलिसी (काम करता येईना झालं तर पैसे देणारी) आधी कपाटातून काढून वाचा. मनगट मोडलं तर तुम्ही भूल कशी देणार? घराचे हप्ते त्या मनगटावर चालू आहेत.

ढगवेडी

सगळ्यांचे आभार, एवढ्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती.

आजोबा, बेरीज बरोबर आहे, मान्य. पण १२ विरुद्ध १०० या हिशेबात १२ उड्यांचं मिळतं काय हे तुम्ही मांडलं नाहीत. वर्षाला १२ उड्या मारणारी बाई दहा वर्षांनीही नवशिकीच राहते. तिच्याबरोबर हवेत चार जणांची फॉर्मेशन (एकमेकांना धरून रचना) करायला कुणी धजत नाही, ती स्वतः दर वेळी विमानाच्या दारात घाबरलेली असते. धोका कमी, आनंद त्याहून कमी. मग शून्य काय वाईट? शीर्षक म्हणूनच तसं दिलंय. आणि पेशंटला मी आकडा सांगतेच, निर्णय त्याचा असतो. 'काळजी नको' असं मात्र कुणालाच सांगत नाही.

दोरीवाला, कॅनॉपीचा मुद्दा डोक्यात गेला. मी लहान कॅनॉपी बघतच होते. हॉप-अँड-पॉप आमच्याकडे कमीपणाचे समजतात, पण त्या दिवशी वेळही कमी लागेल असं दिसतंय. रात्रीच्या कॉल-ड्यूटीनंतरच्या दिवशी उडायचं नाही हा नियम मी आधीपासून पाळते, तो तसाच राहील.

जमिनीवरची, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, "या बाईंना जेवायला बोलाव." शनिवारांचा आकडा काही मी अजून सांगितलेला नाही, कारण तो मलाच सांगवत नाहीये. एप्रिल ते ऑक्टोबर, माझे कॉल वजा जाता निम्मे शनिवार मागावे लागतील. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, तू गेलीस तरी चालेल, पण डॅडला सांग मला उशिरा उठू दे.

विम्यातला, डिसॅबिलिटी पॉलिसी काढून वाचली. वगळलेल्या गोष्टींच्या यादीत पॅराशूटिंग आहे. हे आधी घरात सांगावं लागणार.

खडूस_आजोबा

निम्मे शनिवार, मनगटाचा विमा नाही, आणि दोरीवाल्यांच्या म्हणण्याप्रमाणे धोका आपल्या हातात. हे तिसरं तर प्रत्येक कर्जदार मला सांगायचा. माझं मत आहे तिथंच आहे. पण ती मोठी कॅनॉपी घ्या, आणि पॉलिसीचं यजमानांना आजच सांगा, शनिवारची वाट बघू नका.

दोरीवाला

आजोबा, ॲरिझोनाला आलात तर टँडेमचा (प्रशिक्षकाला बांधून मारायच्या उडीचा) खर्च माझ्याकडे. वयाची वरची मर्यादा बहुतेक ठिकाणी नसते, डॉक्टरचा दाखला आणावा लागेल फक्त.

खडूस_आजोबा

दाखला द्यायला भूलतज्ज्ञ चालतो का?