अनुभव धागा: एवढ्या गलबल्यात 'हे पहिले' कसं ठरवता?

तिवस्याची लेक
परवा राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीला गेलो होतो. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी सगळं जागच्या जागी थांबते. महाराजांनी ११ ऑक्टोबर १९६८ ला याच वेळेला देह ठेवला, म्हणून तिथीला मौन श्रद्धांजली. माझ्या बाजूचा फुटाणेवाला हातातलं माप तसंच धरून उभा होता.

बाबा आठवले. सोयाबीन सोंगणीला आलेलं, शेंगा तडकायच्या बेतात, मजूर नाहीत, आणि हे टोपी घालून निघाले मोझरीला. आई धुऱ्यावरून ओरडायची, "सोंगणी काय महाराज करून देतील?" बाबा म्हणायचे, परवा करू. आणि खरंच करायचे, पहाटे दव असताना, म्हणजे शेंगा तडकत नाहीत. मला तेव्हा आईचंच पटायचं. आता माझ्यापाशी वावर आहे, दोन पोट्टे, सासूबाईंची शुगर, बचत गटाचा हिशेब, आणि त्याच्यावर हा मोबाईल. पहिले काय, तेच सुचत नाही.

बाकी सगळं राहिलं तरी चालते, हे राहून चालत नाही, असं तुम्हाला केव्हा कळलं? लिहा. मी उशिरा येईन, कापूस वेचायला बायका सांगितल्या आहेत.

सरकी-तूर-पऱ्हाटी
वाफसा. विषय संपला.

बरं, थोडं लिहितो. जूनमध्ये आमच्या गावच्या व्हॉट्सॲप गटावर सकाळपासून पाऊस चालू असते, आभाळात ढग नसो भलेही. कोणी म्हणते उद्या पेरा, कोणी म्हणते अमक्याची पेरणी झाली बी. कृषी विभाग दरवर्षी सांगते, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याबिगर पेरू नका. ते वाचाले कोणाले येळ नाही. आमचे आजे बोटभर खालची माती मुठीत दाबून पाहत. गोळा होऊन टिचकीनं भुरभुरला तर वाफसा आला, तिफण काढा. चिकटला तर घरी चला, चहा प्या. मी बी तेच करतो. पेरणी होईस्तोर फोन बंद, कोठीत. घरचे म्हणतात, कोणी मेलं तर कसं कळल? म्हटलं, ते सांगाले माणूस येते वावरात. आतापर्यंत आलाच आहे.

रव्याचे लाडू
दूध गॅसवर आहे, मोठं लिहायचं होतं. येते.

पुसदकर मास्तर
आमच्या पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालच्या पोरांना मोबाईलबंदीचा ठराव घेतला होता, पेपरात आलं होतं. तिकडे सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगावात त्याच वर्षी संध्याकाळी सातचा भोंगा सुरू झाला. दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. लोक मला विचारतात, सर, आपल्या गावात का नाही? अहो, गृहपाठ मीच मोबाईलवर पाठवतो! बंदी करू कोणावर? वर्गातल्या एका पोरीला विचारलं, अभ्यास केव्हा करते? म्हणे, लाईन गेली की.

सरकी-तूर-पऱ्हाटी
मंग सर, तुमच्याकडे तर साऱ्याईचाच पहिला नंबर आला पाहिजे.

धाम काठ
फोनवरून आठवलं. सेवाग्रामला बापूंचा टेलिफोन पाहिला का कोणी? व्हाइसरॉय लिनलिथगोने लावून दिला होता, अजून तिथे ठेवलेला आहे. आणि हा माणूस सोमवारी मौन पाळणारा! सहलीत पोट्ट्यांना सांगितलं तर एक म्हणे, मंग सोमवारी मिस्ड कॉल किती येत असतील?

आशाताई
मी आशा स्वयंसेविका आहे. दिवसभर फोन वाजतच असते. हा सर्वे, ती यादी, फोटो टाका आत्ताच्या आत्ता. नाही टाकला तर गटावर नाव घेऊन विचारतात. बाळंतपण दवाखान्यात झालं असलं की आम्ही ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जातो. वजन, ताप, अन् श्वास. श्वास पुरा मिनिटभर मोजा लागते. तान्ह्या लेकराचा श्वास एकसारखा नसते, मधीच भरभर, मधीच थांबल्यावानी. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलेलं चालत नाही. ६० किंवा त्याच्या वर गेला तर पुन्हा मोजायचा, तेवढाच आला तर दवाखाना.

एका घरी तिसऱ्या दिवसाच्या भेटीला गेली होती. दुपट्यावर पोट वरखाली होऊन राहिलं, मी चाळिशीच्या पुढे मोजत आलेली, अन् फोन. उचलला नाही. पुन्हा वाजला. आजी म्हणे, "बाई, सायबाचा असन, घे नं." लेकरू दचकलं, रडलं. रडत्या लेकराचा श्वास मोजता येते काय? पाजलं, निजवलं, पहिल्यापासून मोजलं. ६८. पुन्हा मोजला, ६६. गाडी बोलावली.

ते पोट्टं आता अंगणवाडीत जाते. मला पाहून पळते, सुईवाली आली म्हणून. फोन कशाचा होता? फोटोचा. तेव्हापासून फोन उंबरठ्याबाहेर, चपलेपाशी. एका घरून कुत्र्याने नेला होता, ते वेगळं.

तिवस्याची लेक
आशाताई, वेचणीच्या मधात वाचलं. बायका विचारतात काय झालं, डोळे काऊन पुसून राहिली. त्यांनाही वाचून दाखवलं. एकीची सून तुमच्यासारखीच आशा आहे, ती म्हणे मानधनाचंही विचार.

आशाताई
ते नको विचारू माय.

रेंज नाही
सारे फोनवरच कायले घसरून राह्यले? आमच्याकडे मागे भादव्यात पाणी असं पडलं की पऱ्हाटी आडवी. विम्यासाठी ७२ तासांच्या आत कळवा लागत होतं. वावरात रेंज नाही. मी टाकीवर चढून बसलो अन् अख्ख्या गल्लीची नोंद केली, एकेकाचा सातबारा घेऊन. आत्याकडे महालक्ष्म्या होत्या, गेलो नाही. आत्या अजून टोमणे मारते. पैसे कोणाले किती आले तो विषय काढू नका.

रव्याचे लाडू
महालक्ष्म्यांचं आंबील सोडलं? भाऊ, तुमचा सत्कारच केला पाहिजे. (दूध वाचलं. पण काय लिहायचं होतं ते इसरली.)

जागलीवाला
रात्रीची लाईन, मोटर चालू, एकटा वावरात. फोन नसता तर रानडुकरांनी चणा कधीचाच खाल्ला असता. मी वाघाची डरकाळी लावून ठेवतो.

पुसदकर मास्तर
आणि खरा वाघ आला तर?

जागलीवाला
टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूले राहतो सर, येतेच तो.

सरकी-तूर-पऱ्हाटी
मंग तेव्हा पहिले काय, मोटर का चणा?

जागलीवाला
मचाण.